झीलकरी हिवराजभाऊ

रेडिओवर प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे हिवराजभाऊ.

दुपारी लोकगीतांचा कार्यक्रम सुरू झाला की ते माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारतात, "ऐकून राह्यले ना जी?" आणि गप्प बसतात. खरोखर गप्प. हात मांडीवर, मान जराशी तिरकी, समोरचा आता बोलेलच अशा बेतानं.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे आमगावात एका कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत माइक आणि भाऊ, काचेच्या पलीकडे यंत्रांपाशी मी. गाणी सोडायची, आवाज कमीजास्त करायचा, हे माझं काम. रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं, केंद्र बंद पडलं. म्हणून पहिल्याच दिवशी मी घाबरून काचेवर टकटक केली. भाऊंनी माइक चालू असतानाच मला समजावलं, "थांबा ना बाई. हो म्हनाले वेळ नको का द्याले?" हे आख्ख्या तालुक्यानं ऐकलं. संध्याकाळी भाजीवालीनं मला काळजीनं विचारलं, "भाऊ रागावले का जी तुमच्यावर?"

मग मी एक युक्ती केली. त्यांचा प्रश्न झाला की मागून बैलांच्या घुंगरमाळेचा आवाज हळूच सोडायचा, म्हणजे शांतता भरून निघेल. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी भाऊ काचेकडे वळले. "मी माणसाले विचारतो आन उत्तर बैल देऊन राह्यला. काऊन?" घुंगरमाळ बंद झाली.

भाऊ जातीनं पोवार, घरची थोडी धानाची शेती. पण जन्म गेला दंडारीत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा आमच्या झाडीपट्टीत हा गाण्यानाचाचा खेळ होतो. मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागचे साथीदार ओळीचं शेपूट उचलून "जी जी" लावतात. त्याला म्हणतात झील. भाऊ झीलकरी. "पुढच्याची ओळ खाली पडू द्याची नाही, येवढाच काम," असं ते सांगतात. मंडळातल्या मुख्य गायकाचा आवाज गेला आणि दंडार मोडली, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी पुढे विचारलं तर म्हणाले, "चहा सांगा."

रेडिओत ते आले अपघातानं. दंडार मोडल्यावर जुन्या साथीदारांपैकी चारजण गाणी रेकॉर्ड करायला आले होते. त्या दिवशी आमचा निवेदक तापानं पडलेला. "दोन मिनिटं माहिती सांगा," असं म्हणून भाऊंना माइकपुढे बसवलं. ते कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाहीत. साथीदार वाट पाहून बसनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी भाऊ जिन्यात हजर. कुणी बोलावलं नव्हतं. निवेदक बरा होऊन आला तो थेट हिशेबाच्या टेबलावर बसला, आणि खरं सांगायचं तर सुटला.

फर्माइश करणाऱ्याचे ते हाल करतात. "पहले तुम्ही एक ओळ म्हना, मंग लावतो." गोंदियाहून कुणी फोन केला, "भैया, कोई फिल्मी गाना लगाओ ना," तर भाऊ आपल्या हिंदीत सांगतात, "फिल्मी का डब्बा अलग है जी. यहां का कुछ आता होयेंगा तो गाव." आणि लोक गातात. दूधवाले गातात, सरपंच गातात. एका बाईनं तर फोनवर सगळंच गाणं म्हटलं. भाऊ म्हणाले, "झाला की. आता मी काय लावू?"

यंदा नागपूरहून नवे साहेब आले. तरुण, मवाळ बोलणारे. त्यांनी भाऊंना खुर्ची देऊन सांगितलं, "काका, तुमचा थांबा फार लांबतो. श्रोते दुसरीकडे जातात. नाहीतर ही वेळ फिल्मी गाण्यांना द्यावी लागेल."

"देऊन टाका," भाऊ शांतपणे म्हणाले. "पन विचाराचा आन थांबाचा नाही, हे मले जमत नाही."

साहेबांनी विचार करायला आठवडा घेतला. माझंही कामात मन लागेना. एवढ्यासाठी हा माणूस कार्यक्रम सोडायला का निघाला, हे मला कळेना.

त्याच आठवड्यात मला यंत्राचा एक भाग आणायला गोंदियाला जायचं होतं. भाऊ म्हणाले, "नागऱ्याकडे सोडता का? बसचा काही खरा नाही." मी त्यांना स्कूटीवर घेतलं. गोंदियाजवळच्या नागरा गावाच्या अलीकडे एका घरासमोर त्यांनी थांबवलं आणि मलाही आत बोलावलं.

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर एक म्हातारा, उशाशी छोटा रेडिओ. "हा मंसाराम," भाऊ म्हणाले. "आमच्या दंडारीचा गायक. लकवा मारला, बोलनं गेला." मग खाटेवर बसून त्यांनी विचारलं, "बरा हायस ना?" आणि मांडीवर हात ठेवून थांबले. बराच वेळ गेला. मंसाराम ओठ हलवत राहिले आणि शेवटी घशातून आलं, "हो."

त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. म्हणाली, "दुपारी रेडिओ लावून देतो जी. भाऊ विचारतात, बाबा हो म्हनतात. उशिरा म्हनतात, पन म्हनतात."

पुढे मी हे साहेबांना सांगितलं आणि त्यांनी तो विषय सोडून दिला. पण ते नंतरचं. त्या दिवशी मंसारामांनी चांगल्या हातानं खाटेच्या पाटीवर ठेका धरला. भाऊ सवयीनं पुढे झुकले, ओळ झेलायला. मंसारामांनी तोंड उघडलं. ओळ आली नाही. ठेका चालूच. भाऊ थांबले, आणखी थांबले. मग आयुष्यात ज्यानं पुढच्याची ओळ कधी म्हटली नव्हती, त्यानं ती म्हटली.

"धुऱ्यावर उभा कोन गा पाहुना..."

सूर भलताच वर लागला. मध्येच खोकला आला. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण खाटेवरून आवाज आला. तुटका, पण सुरात. "पाहुना... जी... जी... जी."

मुलगी रिकामा गडवा घेऊन दारात तशीच उभी राहिली.

परतताना रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा भाऊ म्हणाले, "एक जी जास्त म्हटली त्यानं."

"असू द्या ना भाऊ."

"असू कायले द्या? मी चुकलो का तो साऱ्या गावादेखत शिव्या द्याचा." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "आता मले येत जाव लागन. झील शिकवाव लागते जी. लगित वर्षं लागतात."