रोवण्याचे दोन अर्थ आणि साकोलीची मोहीम

सकळ वाचकांचे हुजूर विदित व्हावे, जे शब्दांचे मुलखात एक थोर मोहीम जाहली, तिची हकीकत येणेप्रमाणे.

कसबे साकोली येथे टंकलेखनाचे दुकान चालविणारी तेजस्विनीबाई. तिची मावशी शोभाताई, लाखांदुरी मराठी शिकवून निवृत्त जाहलेली. शोभाताईंनी हयात खर्चून झाडीबोलीचे, म्हणजे पूर्व विदर्भातील धानपट्टीचे बोलीचे, शब्द जमविले, आणि त्यांचा कोश नागपुरी छापावा ऐसा करार जाहला. मग तेथील संपादक धनंजयराव यांचे फर्मान आले, की कोश एक्सएमएलच्या खुणा घालून, डीटीडी नामे कायद्यास धरून पाठवावा. कोणती खूण कोणामागे बसावी, किती वेळा यावी, हे सारे त्या कायद्यात. आणि पार्सर नामे चौकीदार ओळ न ओळ तपाशी, व कायद्याबाहेर काही दिसताच फाईल वेशीवरून परत लावी.

पहिली चढाई फसली. पार्सर म्हणे, कायदाच सापडत नाही. शोध करिता कळले, कायद्याचा पत्ता धनंजयरावांचे खासगत लॅपटॉपातील दिला होता. अर्जदास्त जाताच रावांनी मेहेरबान होऊन प्रत रवाना केली, ती स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. बाईंनी तो पाहून कायदा स्वहस्ते टंकिला, आणि स्वल्पविराम कोणता व काचेवरचा डाग कोणता, याचा निवाडा करिता डोळ्यांस पाणी आले.

मग दुसरी चढाई, आणि फौज 'रोवणा' या शब्दापाशी अडली. कायदा म्हणे, एका शब्दास अर्थ एकच. शोभाताईंनी दिले होते दोन: भाताची रोपे चिखलात लावण्याचे काम, आणि ते काम चालते ते दिवस. रावांचा हुकूम सुटला, की दुसरा अर्थ कापावा, न जमल्यास कोश यंदा खारीज. बाईंचे बोट खोडावयाचे कळीवर गेले. मावशीची जन्माची मेहनत एका अर्थापायी अडावी, हे मनास साहेना. तरी पुसल्याविना कापणे बरे नव्हे, म्हणून फोन लाविला.

"मावशी, एक अर्थ काढू का? फाईल अडून राहिली."

शोभाताई सावकाश बोलल्या, "रोवणा कामबी आहे अन् दिवसबी. अर्धा काढशीन तं छापून काय करू मी? नोको छापू."

बोट मागे आले. मग बाईंनी कायदाच वाचावयास घेतला, आणि ध्यानी आले, की 'अर्थ' या खुणेपुढे एक अधिक चिन्ह बसविले म्हणजे हवे तितके अर्थ मावतात. तैसे रावांस लिहून कळविले. जवाब आला, कायदा बदलणे आमचे अखत्यारीत नाही. तो कोणी केला, हे तेथील दप्तरात कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा शोभाताईंचा खलिता गेला, की कोश परत द्यावा. आणि ज्याचा कर्ता सापडत नव्हता, तो कायदा चहा निवण्याआधी बदलला.

तिसऱ्या चढाईत पार्सर एक अक्षर बोलिला नाही. पार्सरचे मौन हीच त्याची शरणागती. धनंजयरावांनी सर्वत्र जाहीर केले, की हे आमचेच दूरदृष्टीचे धोरण.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. रणांगणी एकही अर्थ कामी आला नाही. त्याच सांजेस शोभाताईंचा फोन, की भाताचे खाचरास म्हणतात त्या 'बांधी'चा आणखी एक अर्थ आठवला. बाईंनी तो बेधडक बसविला, आणि चौकीवर कोणी हटकले नाही. खरे ते दप्तरी नोंदले असे.