बाहेरचं घड्याळ

पेटीवरचं हिरवं बटण काकांनी दाबलं आणि त्यानंतर सत्तावीस सेकंदांनी मॅडम डोक्यापासून चपलांपर्यंत निळ्या झाल्या.

पुढच्या तेरा सेकंदांत पेटीचं काम चालूच राहिलं. तळाचा पंखा आपल्या वेळेला थांबला, दिवा आपल्या वेळेला लागला आणि बरोबर चाळीसाव्या सेकंदाला कॅमेऱ्याने फोटो काढला. त्यात निळ्या पाण्याचा भोवरा यायला हवा होता. आलं मॅडमचं तोंड. उघडं.

"काका," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. पुसायला कोरडं काही नव्हतं, त्यामुळे चष्मा आणखी निळा झाला. "काका, हे काय झालं?"

"बघतो," काका म्हणाले. बघायला काही उरलं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या मधोमध माणसाच्या छातीएवढं उंच काचेचं नळकांडं होतं. त्यात पाणी, तळाला छोटा पंखा, वर निळ्या पाण्याची टाकी. पंखा फिरवायचा, ठरल्या वेळी निळं पाणी सोडायचं, ठरल्या वेळी पंखा थांबवायचा, मग दिवा, मग फोटो. सगळं नीट जुळलं तर पाण्यात असा भोवरा उमटायचा की बघणाऱ्याला अर्धवट उमललेल्या फुलाची आठवण व्हावी. एकोणीस वर्षं मॅडम त्या फुलावर शोधनिबंध लिहीत होत्या, आणि एकोणीस वर्षं तंत्रज्ञ काका चार बटणांसमोर उभे राहून तोंडातल्या तोंडात आकडे मोजत ते उमलवत होते. त्यांच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं: बाराला निळं पाणी, पंधराला बंद, एकोणतीसला पंखा बंद, सदतीसला दिवा, चाळीसला फोटो.

आता टायमिंग कंट्रोलर आला होता. पुस्तकाएवढी पेटी, मागे आठ तारा. कुठल्या यंत्राला कधी हाक मारायची ते एकदा सांगून ठेवलं की पुढे माणसाने खुर्चीत बसावं. फक्त ती खुर्ची कुठली, हा प्रश्न होता. वरून परिपत्रक आलं होतं: जिथे अशी स्वयंचलित व्यवस्था बसेल, तिथला एक तंत्रज्ञ भांडारात वर्ग करावा. उद्या अकरा वाजता पाहणी समिती येणार होती. पेटी चालली तर प्रयोगशाळेला आणखी दोन वर्षं मिळणार होती आणि काकांना भांडार. नाही चालली तर प्रयोगशाळाच बंद होणार होती. काकांची नोकरी दीड वर्ष उरली होती.

आपल्याला हाकलणारी पेटी माणसाने आपल्याच हाताने जुळवावी, हे काकांना विचित्र वाटलं नव्हतं असं नाही. पण यंत्र मुद्दाम बिघडवून ठेवणं त्यांच्या हातून झालं नसतं. तीन दिवस शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी माहितीपुस्तिकेची एकशे चाळीस पानं वाचली होती. एका पानावर पेटीने विचारलं होतं, घड्याळ आतलं की बाहेरचं? काकांनी 'आतलं' निवडलं. बाहेरचं घड्याळ आणणार कुठून? मग वहीतले आकडे जसेच्या तसे भरले. दोनदा तपासले.

"पुन्हा एकदा लावून बघू," मॅडम म्हणाल्या आणि शहाणपणाने दारात जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा काका निळे झाले.

आवाज ऐकून भांडारपाल आले. काकांहून चार वर्षांनी लहान, पण बोलणं सासऱ्यासारखं. दारातूनच त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"काय मास्तर, रंगकाम काढलंय?"

"तुमचं काय काम होतं?"

"काही नाही हो. तुमची खुर्ची पुसून ठेवलीय, तेवढं सांगायला आलो. खिडकीजवळची. पाय थोडा हलतो, पण तुम्ही काय, सांभाळून बसणारे."

काका पेटीकडे वळले. त्यांनी तारा तपासल्या, पंखा उघडून पाहिला, नळकांड्यातल्या पाण्याचं तापमान घेतलं. सगळं ठीक होतं. सगळं ठीक असून असं व्हावं, याचीच त्यांना भीती वाटायला लागली.

संध्याकाळी घरी बायकोने शर्टाकडे पाहिलं, पण आधी अंडी उकळत ठेवली. अंडी मोजणं हे घरातलं काकांचं काम. शंभराचे चार फेरे झाले की गॅस बंद. मोजता मोजता त्यांचं चित्त उडालं.

"छप्पन्न... मला कळतच नाही गं. बाराला बारा, एकोणतीसला एकोणतीस. एक सेकंद इकडचं तिकडे नाही. आणि तरी पाणी बाहेर."

"सेकंद कुठले?" बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही सेकंद कुठे मोजता? तुम्ही तुमचं मोजता."

काकांनी मोजणं थांबवलं.

"तुमचे शंभर म्हणजे घड्याळाची ऐंशी-ब्याऐंशी सेकंदं," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही गॅस बंद करून बाहेर गेलात की मी परत लावते आणि वरचं सव्वा मिनिट उकळते. नाहीतर अंडी वाहतात."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"छत्तीस वर्षं?" काकांचा आवाज चिरकला. "छत्तीस वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? केवढ्या ऐटीत मोजत होतात. अंडं काय, मागून उकळता येतं."

काका खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, आपल्या पायाखालची फरशी खरं तर पाच पावलं पलीकडे होती आणि आपण इतकी वर्षं हवेत उभे होतो.

सकाळी साडेनऊला त्यांनी मॅडमना सांगितलं. लपवायचा विचार बसमध्ये दोनदा मनात आला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी तो झटकला होता.

मॅडम आधी हसल्या. मग हसू हळूहळू ओसरलं.

"काका, पण माझ्या निबंधांत मी 'सेकंद' लिहिलंय."

"हो."

"अकरा निबंधांत."

"हो, मॅडम."

"तीन प्रयोगशाळांची पत्रं आली होती मला. आमच्याकडे भोवरा फुटतो, पाणी बाहेर येतं म्हणून." मॅडमनी टेबलाचा कोपरा घट्ट धरला. "मी त्यांना कळवलं होतं, प्रयोग जरा काळजीपूर्वक करावा."

जगात आणखी तीन ठिकाणी चांगली शिकलीसवरलेली माणसं निळी होऊन घरी गेली असणार, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोर एकदमच आलं असावं.

"ठीक आहे," मॅडम उठल्या. "तुमचा एक आकडा म्हणजे किती सेकंद, ते काढू. सगळ्याला तेवढ्याने गुणू. पेटीत घालू. मोजा."

मॅडमनी स्टॉपवॉच धरलं. काकांनी मोजलं. पहिल्यांदा चाळीसला सत्तेचाळीस सेकंदं लागली, दुसऱ्यांदा सव्वीस. तिसऱ्यांदा काका तेराहून थेट पंधरावर गेले.

"काका, काय करताय?"

"तुम्ही बघताय ना."

"एकोणीस वर्षं बघतेय!"

"तेव्हा तुम्ही पाण्याकडे बघत होतात."

हे खरं होतं. मग मॅडमनी त्यांना कपाटामागे उभं केलं आणि स्वतः पाठ फिरवून फोनवर त्यांचं मोजणं टिपून घेतलं. तीनदा. तीनही वेळा चाळीसला बत्तीस सेकंदं, वर केसभरही नाही. मॅडमचा चेहरा उजळला. पण फोनवरचा आवाजाचा आलेख बघता बघता पुन्हा पडला.

"आकडे सारखे नाहीत. 'दहा' पटकन संपतो. 'एकोणीस'ला दुप्पट वेळ. 'एकोणतीस'ला त्याहून जास्त. वीस म्हटलं की तुम्ही श्वास घेता. काका, चाळीसच्या चाळीस आकड्यांची लांबी वेगळी काढावी लागणार!"

"किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत होईल."

तेवढ्यात शिपाई आत आला. "समिती आली. अर्धा तास आधीच. खाली पाणी पितायत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. काकांना मात्र, का कोण जाणे, एकशे चाळीसपैकी ते एक पान आठवलं.

"मॅडम, पेटी विचारत होती. घड्याळ आतलं की बाहेरचं. बाहेरून कोणी टिकटिक पाठवली तर पेटी तिच्यावर चालते. एक टिक म्हणजे एक आकडा."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग दोघांची नजर एकदमच दारावरच्या घंटीच्या बटणाकडे गेली.

समितीचे अध्यक्ष उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले होते. बरोबर दोन सभासद, तेही पांढऱ्यात. मॅडमनी प्रयोग समजावला, हिरवं बटण दाबलं आणि पंखा सुरू झाला. कपाटामागे काका दारावरून काढलेलं बटण हातात धरून प्रत्येक आकड्याला ते दाबत होते. दोन बारीक तारा कपाटाखालून पेटीकडे गेल्या होत्या.

बाराला निळं पाणी आलं. पंधराला बंद झालं. अठराला मागचं दार उघडून भांडारपाल कपाटामागे शिरले.

"मास्तर, इथे लपलात होय! ही तुमची बदलीची ऑर्डर. सही करा."

"एकोणीस," काका कुजबुजले.

"आज बावीस आहे."

"वीस."

"अहो, मला तारीख माहीत आहे. पेन देऊ?"

"एकवीस," काका डोळे वटारून म्हणाले. त्यांचा चेहरा बघून भांडारपालांनी कागद छातीशी धरला आणि ते भिंतीला टेकले. शांत माणसाचं डोकं असंच अचानक फिरतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. सव्विसाव्या आकड्याला ते हळूच म्हणाले, "घरी कळवू का कोणाला?"

"एकोणतीस!" काका म्हणाले, आणि पलीकडे पंखा थांबला.

सदतीसला दिवा. चाळीसला फोटो. पडद्यावर निळं फूल आलं. पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी असं.

"वा!" अध्यक्ष उद्गारले. "याला म्हणतात व्यवस्था. माणसाचा हातच नाही कुठे! दोन वर्षं मंजूर. आणि तो तंत्रज्ञ आजच भांडारात पाठवा."

मॅडमनी मान हलवली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. पण त्यांना ती तीन पत्रं आठवली असावीत.

"सर, हात नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "एक बोट आहे."

त्यांनी कपाट बाजूला सरकवलं. मागे काका घंटीचं बटण धरून उभे होते, आणि शेजारी भांडारपाल भिंतीला पाठ लावून.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाहेरचं घड्याळ, सर."

मॅडमनी सगळं सांगितलं. अकरा निबंध, अंडी, एकोणतीस. अध्यक्षांचे डोळे मोठे होत गेले आणि शेवटी बारीक झाले.

"असं कुठे असतं? यंत्रापेक्षा माणूस अचूक? मला पटत नाही. आतल्या घड्याळावर लावा. माझ्यासमोर."

"सर, पाणी उडेल," काका म्हणाले.

"लावा!"

काकांनी पेटीला 'आतलं' सांगितलं. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. काका तीन. अध्यक्ष नळकांड्यावर वाकून, मनगटावरचं घड्याळ बघत, मोठ्याने सेकंद मोजू लागले.

त्यांचे सत्तावीस मोजून झाले. अठ्ठावीस त्यांना म्हणता आलं नाही.

कॅमेऱ्याने चाळीसला फोटो काढला.

अध्यक्षांच्या शर्टावरून निळं पाणी फरशीवर ठिबकत होतं. एक सभासद रुमाल पुढे करावा की न करावा या विचारात अर्धवट हात उचलून उभा होता. काकांना वाटलं, आता भांडारसुद्धा गेलं.

अध्यक्षांनी भुवईवरचं पाणी निपटलं. "परिपत्रक आणा," ते म्हणाले.

परिपत्रक आणलं. त्यावरही थेंब पडले.

"परिशिष्ट दोन," अध्यक्षांनी वाचलं. "'मुख्य यंत्र आणि त्याचं जोडउपकरण एकमेकांपासून वेगळं करू नये.'" त्यांनी निळ्या चेहऱ्याने काकांकडे नीट, आपादमस्तक पाहिलं. "हे घड्याळ नोंदवहीत घेतलंय का?"

"नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

"मग घ्या. कोण घेतं नोंद?"

भांडारपाल पुढे झाले. बदलीची ऑर्डर त्यांनी घडी करून खिशात घातली आणि यंत्रसामग्रीची जाड नोंदवही उघडली. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

"सर, अवस्था म्हणून रकाना आहे. काय लिहू?"

अध्यक्ष काकांकडे वळले. काकांनी घसा खाकरला. स्वतःबद्दल कोणी विचारलं की त्यांना नेहमीच अवघड व्हायचं.

"जुनी," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण चालू."

त्या दुपारी मॅडमनी तिन्ही प्रयोगशाळांना माफीची पत्रं लिहिली. प्रत्येक पत्रासोबत काकांच्या मोजण्याचं ध्वनिमुद्रण जोडलं आणि सूचना दिली: अर्थ कळण्याची गरज नाही, पण पंखा बंद करताना दुसऱ्यांदा लांबलेल्या आवाजाची वाट पाहावी.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा त्यांच्या खिशावर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. भांडारपालांनी नियमाप्रमाणे चिकटवली होती, आणि चिकटवताना पहिल्यांदाच 'मास्तर' न म्हणता 'साहेब' म्हटलं होतं.

बायकोने चष्मा लावून पट्टी वाचली. अनुक्रमांक चारशे सात. जागेवरून हलवू नये.

"म्हणजे?"

"म्हणजे दीड वर्ष तिथेच," काका म्हणाले. आवाजातली ऐट लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला.

"बरं," बायकोने पातेलं गॅसवर ठेवलं, आत चार अंडी सोडली आणि त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. "मोजा. आणि आजपासून पाच फेरे."