सागवानास पात्र

कार्यालयात कोणी कोणत्या लाकडावर बसावे, याबाबतचे नियम स्पष्ट होते. अधिकाऱ्याने सागवानावर बसावे, कारण सागवान ऊनपावसाला दाद देत नाही आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. लिपिकाने आंब्याच्या लाकडावर बसावे, कारण ते स्वस्त असते आणि त्याला भुंगा लागला तरी कोणी विचारत नाही. शिपायाला बाभळीचे स्टूल. बाभूळ गाडीच्या चाकाला वापरतात, तेव्हा तिला मार खाण्याची सवय असते. कामासाठी येणाऱ्या जनतेकरता कोणत्याच लाकडाची तरतूद नव्हती. जनतेने उभे राहावे असे कुठे लिहिलेले नव्हते, पण जनता समजूतदार होती.

हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, उभी नोकरी आंब्यावर बसले. निवृत्तीला महिना उरला आणि त्यांना अधिकारीपदाची बढती मिळाली. अट एकच होती. बढती ‘आसनग्रहणा’पासून धरली जाणार होती, सागवानी खुर्चीत बसेपर्यंत ते अधिकारी नव्हते.

बायकोने त्याच संध्याकाळी दारावर ‘अधिकारी’ अशी पाटी लावली.

“अहो, दादाचा फोन आला होता,” ती म्हणाली. तिचा दादा अधिकारी म्हणून निवृत्त झाला होता आणि गेली कित्येक वर्षे घरच्या कुठल्याही बैठकीत हे विसरू देत नव्हता. “म्हणाला, खरंच अधिकारी, की नुसतं म्हणायला?”

भाऊसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. पाटी आता उतरवता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिपायाने त्यांची जुनी खुर्ची उचलून नेली. “साहेब, तुम्हाला आता आंबा चालत नाही,” तो आदराने म्हणाला. सागवानाची मागणी वर गेली आणि भाऊसाहेब टेबलामागे उभे राहून काम करू लागले. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. उभा माणूस म्हणजे जनता, हे लोकांच्या अंगवळणी पडलेले असल्याने एका बाईंनी त्यांना सुनावले, “काका, रांगेत या. आम्ही सकाळपासून ताटकळतोय.” भाऊसाहेब थोडा वेळ रांगेतही उभे राहिले.

शेवटच्या आठवड्यात खुर्ची आली. अशी चकाकत होती की भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. फक्त एक पाय आखूड होता, म्हणून सुताराला बोलावले. त्याने खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खालच्या अंगाला ठळक अक्षरांत छापले होते : फळे. ही बाजू वर.

“हे काय?” भाऊसाहेबांनी विचारले.

“देवदार आहे, साहेब. खोक्यांना एक नंबर. हलकं, आणि खिळा लोण्यासारखा जातो.”

“तुला कसं माहीत?”

“मीच बनवली ना. ठेकेदाराने खोकी दिली, मी खुर्ची दिली. पॉलिश कसं झालंय सांगा.”

पॉलिश खरोखरच झकास झाले होते.

भाऊसाहेब तरातरा स्टोअरकीपरकडे गेले. तो जराही गडबडला नाही.

“तक्रार करा की, हक्क आहे तुमचा. चौकशी लागेल, खुर्ची पुरावा म्हणून जप्त होईल. दोन-तीन वर्षांत निकाल लागतो. तोवर उभे राहाल?”

“अहो, मी महिनाअखेर घरी बसतोय.”

“मग लाकूड कशाला बघता? बसा.” त्याने कागद पुढे सरकवला. “खुर्ची सागवानाची असल्याची अधिकाऱ्याने खात्री केली, इथे सही.”

“पण बसल्याशिवाय मी अधिकारी नाही, आणि सहीशिवाय बसता येत नाही.”

“उभ्यानेच करा. कागदावर कुठे दिसतंय?”

भाऊसाहेबांनी डोळे मिटून सही केली आणि बसले. अंगावर मूठभर मांस चढले.

दोनच दिवसांत तपासणी पथक आले. पथकप्रमुखांनी खुर्च्या-टेबले टकटक वाजवून पाहिली आणि शिपायाच्या स्टुलापाशी थबकले. मळ खरवडला तर आत पिवळाधमक सागवान. बाभळीचे स्टूल मोडले तेव्हा शिपायाने जुन्या दाराच्या चौकटीतून हे करून घेतले होते. प्रसंग बाका होता. नियमाप्रमाणे शिपायाला अधिकारी करावे लागणार होते.

“याचा कागद?” पथकप्रमुखांनी विचारले. कागद नव्हता. भाऊसाहेबांच्या खुर्चीचा होता.

“मग प्रश्नच मिटला. कागद असेल ते सागवान,” ते म्हणाले. स्टुलाची नोंद जळाऊ लाकूड अशी झाली आणि ते जाळण्याची जबाबदारी पथकप्रमुखांनी स्वतःवर घेऊन ते गाडीतून घरी नेले. शिपाई उभा राहू लागला.

निरोप समारंभाला भाऊसाहेबांची खुर्ची व्यासपीठावर मांडली होती आणि मेहुणा पहिल्या रांगेत येऊन बसला. “भाऊसाहेब म्हणजे अस्सल सागवान,” मोठे साहेब भाषणात म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यातच दुसराही एक कडकडाट झाला आणि भाऊसाहेब व्यासपीठावर पाठीवर पडले. हातात खुर्चीचा तुटका हात होता आणि आतले पांढरेफटक लाकूड शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होते.

मोठ्या साहेबांनी त्यांना उठवण्याआधी नियम आठवला. “सागवानी खुर्ची आपणहून मोडत नाही. मोडली, तर दोष बसणाऱ्याचा. सागवानच होतं ना, भाऊसाहेब?”

देवदार म्हणावे तर आसनग्रहण रद्द, बढती रद्द. मेहुणा पुढे सरकून बसला.

“सागवानच होतं, साहेब,” भाऊसाहेब पडल्या पडल्या म्हणाले. “मीच चुकीचा बसलो.”

मेहुण्याचा चेहरा पडला. साहेबांनी तिथल्या तिथे शेरा मारला : ‘अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे सरकारी सागवानाचे नुकसान.’ त्यातला पहिला शब्द वाचून भाऊसाहेबांना भरून आले.

सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मग पुन्हा बसताना मात्र प्रत्येकाने अंगाचा भार हळूच पायांवर पेलला. आपली खुर्ची उलटी करून कोणीच पाहिली नाही. हे वाचता वाचता आपणही जरा सावरून बसलात, हे आमच्या लक्षात आले आहे. बसा, बसा. दुकानदाराने ‘अस्सल’ असे लिहून दिले होते ना?