डावीकडे ओढणारी गाडी

स्क्रूड्रायव्हर हातात आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही! इस्त्री, मिक्सर, दाराची कडी, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. (त्यातलं काही परत आलं नाही, तो भाग वेगळा.) तेव्हा सासूबाईंचा गेमचा कंट्रोलर बिघडलाय म्हटल्यावर मी लगेच बाह्या सरसावल्या.

हो, सासूबाईंचाच! दर रविवारी त्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे आमच्या मावशींशी, ऑनलाइन मोटारींची शर्यत खेळतात. या वेळची पैज भयंकर होती. हरेल तिने पुढच्या शर्यतीपर्यंत जिंकणारीला 'ताई' म्हणायचं!

"जिला मी कडेवर खेळवलं, तिला ताई म्हणू?" सासूबाई कडाडल्या. "जावईबापू, गाडी सारखी डावीकडे ओढते हो! वर्षभर कशीबशी सांभाळतेय."

"आई, तुम्ही निर्धास्त राहा!"

नवी जॉयस्टिक, म्हणजे अंगठ्याने गाडी वळवायची दांडी, आणली आणि कंट्रोलर उघडला. अहाहा, आत काय एकेक गमती! जुन्या स्टिकच्या बुडाशी पांढरी भुकटी साठलेली. ही कसली बुवा? बोटावर घेऊन बघितली, तर झिजलेलं प्लास्टिक, गाडी ओढायची ती याच्यामुळे! सासूबाईंनी वर्षभर दळलेलं! मग ती पिटुकली स्प्रिंग कशाला असते, म्हणून जरा टोचलं, तर ती टुणकन उडून थेट बायकोच्या चहात.

"गाळून देऊ का?" बायको म्हणाली.

जुने डाख वितळवले, नवी स्टिक बसवून डाख दिले, झाकण लावलं. एक स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात टाकला. जुनी स्टिक कचऱ्यात गेली आणि कचरा घंटागाडीत गेला. या सगळ्यात शर्यतीची वेळ झाली, चालवून बघायचं राहूनच गेलं.

शर्यत सुरू झाली आणि सासूबाईंची गाडी सटकन उजव्या भिंतीवर! मागे घेतली, पुढे काढली, पुन्हा उजवी भिंत! पलीकडे मावशी खिदळतायत!

"काय करून ठेवलंत हे? आता उजवीकडे ओढतेय!"

मी खिशातला स्क्रू चाचपला. बायकोने कंट्रोलर हिसकावला. गाडी सुतासारखी सरळ!

"अगं आई, तू उजवीकडे का दाबतेस?"

"मी? मी सरळच चालवतेय!"

आम्ही दोघांनी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो चांगला उजवीकडे झुकलेला! डावीकडे पळणारी गाडी वर्षभर आवरता आवरता त्याला तेच सरळ वाटायला लागलं होतं.

"आई, हिलाच चालवू देता का?" मी भीत भीत विचारलं.

"आण गं इकडे! हरेन तर मीच हरेन!"

हरल्या. लगेच फोन वाजला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बोल... ताई."

मला फार वाईट वाटलं हो! फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "माझी जुनी स्टिक परत बसवा!"

आता कुठली बसवू? तेव्हापासून रोज ऑफिसातून आलो की सोफ्यावर बसतो आणि नवी स्टिक डावीकडे दाबून घासत राहतो.

"झिजली का हो?" सासूबाई आतून विचारतात.

काय सांगू त्यांना? मी मेल्याने नेमकी चांगल्यातली आणली!