दार चार बोटं उघडं

श्रवण ही पहिली भक्ती, हे कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुढच्या आठ भक्तींपर्यंत फारसं कुणी पोचत नाही, कारण पहिल्याच भक्तीत डुलकी लागते. टीव्हीवरच्या मालिकांनी मात्र ही भक्ती घरोघर नेली आणि तिला दाराची जोड दिली. समोर बसून ऐकलेलं आजवर कुणाला लागू पडल्याचं दिसत नाही. दाराआडून ऐकलेल्या एका वाक्यानं मात्र लग्नं मोडतात, इस्टेटी फिरतात आणि मालिका आणखी दोन वर्षं चालते.

आमचे शेजारी, ज्यांना अख्खी इमारत लेखकराव म्हणते, या शास्त्रातले अधिकारी पुरुष. मालिकेचे बाकीचे संवाद कुणीही लिहो, कुणी काही चोरून ऐकायचं असलं की कागद यांच्याकडे येतो. त्यांनी घालून दिलेले नियम मालिकेच्या कचेरीत भिंतीवर लावलेले आहेत. गुपित सांगणाऱ्यानं ते दोनदा, मोठ्यानं आणि दाराकडे तोंड करून सांगावं. दार चार बोटं उघडं असावं (तीन बोटांत कॅमेऱ्याला दिसत नाही, पाच बोटांत अक्कल आत शिरते). ऐकणाऱ्याच्या हातात खाली पडल्यावर फुटेल अशी वस्तू असावी. सदर घरात त्या वेळी मिक्सर, कुत्रा, सर्दी यांपैकी काहीही चालू नसावं. सांगणाऱ्याच्या तोंडून ‘पण’ निघण्यापूर्वी ऐकणाऱ्यानं तिथून निघून जावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ऐकलेल्याबद्दल कधीही कुणाला विचारू नये. एक साधा प्रश्न विचारला की मालिका त्याच दिवशी संपते आणि पन्नासेक माणसं घरी बसतात. इतक्या जणांना जेवू घालणारं मौन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

तर या लेखकरावांच्या आईच्या मानेवर गाठ आली. ती मंगळवारी सकाळी काढायची ठरली. आईची इच्छा एवढीच, की आत नेतील तेव्हा मुलगा दारात उभा असावा. तिनं ते त्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, “हं.” बूट घालताना सांगितलं. “हं.” शेवटी ती त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, “आई, जरा बाजूला हो, उजेड अडतोय.”

सून व्यवहारी. ती म्हणाली, “आई, समोर जाऊन सांगितलेलं यांच्या डोक्यात शिरत नाही. यांच्या नियमानं सांगू या.”

“म्हणजे काय गं?”

“तुम्ही आणि मी आतल्या खोलीत. दार चार बोटं.”

“स्वतःच्या पोराला चोरून सांगू?”

“चोरून त्यांनी ऐकायचं. तुम्ही मोठ्यानं सांगायचं.”

रविवारी दुपारी लेखकराव चहाचा कप घेऊन त्या दारावरून जात होते. आई दाराकडे तोंड करून म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, गाठ आहे.” मग प्रामाणिकपणे पुन्हा एकदा म्हणाली. बाहेर कप फुटला (फार सुबक फुटला, मी भिंतीपलीकडे मनातल्या मनात दाद दिली).

“पण साधी आहे,” आई पुढं म्हणाली. “मंगळवारी तू तेवढा बरोबर ये, म्हणजे झालं.”

दाराआड कुणी नव्हतं.

“गेला वाटतं.”

“नियमच आहे त्यांचा,” सून म्हणाली आणि काचा भरायला गेली. तिनं नवऱ्याला गाठून सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. लेखकरावांनी हात वर करून तिला थांबवलं. “काही बोलू नकोस. मला सगळं कळलंय.” ते खूप वेळ खिडकीशी उभे राहिले. डोळे भरले होते. मग बसून मालिकेसाठी तो प्रसंग एका दमात लिहून काढला.

मंगळवारी त्याच प्रसंगाचं शूटिंग लागलं. प्रसंग हळवा असल्यानं लेखक जातीनं हजर होते. दवाखान्यात सून होती. आत नेताना आईनं एकदा मान वळवून दाराकडे पाहिलं, असं सून सांगते. मान वळवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पुढच्या आठवड्यात तो भाग लागला. आई मानेला पट्टी बांधून खुर्चीत बसली होती. बघून झाल्यावर तिनं डोळे पुसले.

“रडवलंस रे. त्या आईचं पुढं काय होतं?”

“ते चॅनेलवाले ठरवतील.”

“तो मुलगा तिला विचारतो का, बरं वाटतंय का म्हणून?”

“विचारलं तर मालिका संपेल, आई.”

“हं,” आई म्हणाली.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं आपण विचाराल. आमची दोन घरांची भिंत एकच आहे, आणि माझी भक्ती अजून पहिलीच चालू आहे. त्या मंगळवारी मी मोकळाच होतो. पण न सांगता समजलेल्या गोष्टीत शेजाऱ्यानं पडणं बरं दिसत नाही.

आपणही इथवर माझ्या बाजूला भिंतीशी कान लावून उभे होता आणि मनातून लेखकरावांना नावं ठेवत होता. ते योग्यच आहे. फक्त मघाशी, तो कप फुटला त्या सुमारास, आपल्या घरातलं कुणीतरी आपल्याशी काहीतरी बोललं. आपण “हं” म्हणालात.