उभं आहे ना? मग बंद!

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं, की कर्णिक सर थेट काचेवर टकटक करायचे. काच खाली आली की म्हणायचे, "भाईसाहब, खड़ी है ना? तो बंद!" एकदा एका गृहस्थाने भडकून विचारलं, "अंकल, आपको क्या तकलीफ है?" सर म्हणाले, "मुझे तो हो चुकी. अब आपकी बारी है." आणि वर खोकून दाखवलं. मी तोवर मोज्यांच्या ठेल्यामागे लपले होते.

सर विमानतळाच्या पर्यावरण विभागात माझे साहेब. मी नवी लागले तेव्हा मला वाटलं होतं, पर्यावरण म्हणजे रोपं लावायची आणि फोटो काढायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मे महिन्याच्या उन्हात एका विमानाखाली नेऊन उभं केलं.

"मेधा, काय ऐकू येतं?"

"आवाज."

"अगं, पण कसला?"

मला डोंबल माहीत! मग कळलं, की विमान गेटवर नुसतं उभं असलं तरी त्याच्या शेपटीतलं एक छोटं इंजिन चालू असतं. आतले दिवे, एसी, सगळं त्यावर. विमानाच्या नाकाखाली जमिनीवरच्या विजेची केबल जोडली, तर ते इंजिन बंद करता येतं. तेल वाचतं, धूर वाचतो. पण केबल मेली जड, जोडणारे कंटाळलेले आणि पायलट घाईत. "उभं आहे ना? मग बंद!" हे सर त्या सगळ्यांच्या कानीकपाळी तीन भाषांत ओरडायचे.

घरीही तेच. आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये चहाला आले, की आधी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून यायचे आणि मगच बसायचे. एका वर्षी मंडळाच्या गणपतीमागचं दिव्यांचं फिरतं चक्र ऐन आरतीत बंद केलं. अध्यक्ष लाल झाले. सर म्हणाले, "बाप्पाला चक्कर येत असेल हो."

दुसरी खोड याहून विचित्र. विमान निघालं, की सर दोन्ही हात वर करून हलवायचे. खालची माणसं हात हलवतातच, पण एकदा. सर विमान वळून दिसेनासं होईपर्यंत, पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत.

"सर, ओळखीचं आहे का कुणी?"

"असेलही. सांगता येतं?"

मी लंचला त्यांची नक्कल करायचे. सगळे पोट धरून हसायचे. एकदा मागे वळून बघते तर सर उभे. डबा घेऊन निघून गेले. तेव्हाच माफी मागायला हवी होती. नाही मागितली, झालं.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले, विमानतळाचा पास जमा करून घरी बसले. या हिवाळ्यात अचानक फोन आला. "मेधा, एक काम होतं गं."

त्यांचा मुलगा आदित्य आठ वर्षांपूर्वी कॅनडाला शिकायला गेला. त्या दिवशी सर नेमके त्याच विमानाखाली ड्यूटीवर होते. "केबल लागत नव्हती. मी तिच्यातच गुंतलो," सर सांगत होते. "तो खिडकीतून हात हलवत होता म्हणे. मी वर बघितलंच नाही. आता महिनाभर राहिला, उद्या दुपारी परत चाललाय. तिकडेच घर घेतोय. मला तर आत सोडणार नाहीत. माझ्या वतीने तू हात हलवशील? उजवीकडे, पंखाच्या पुढची खिडकी."

ते हात हलवणं कुणासाठी होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. माझी मलाच लाज वाटली. "बिल्कुल सर," मी म्हणाले. "एवढंच ना!"

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच जाऊन उभी राहिले. प्रवासी चढत होते आणि नेमकी केबलची वीज गेली. पायलटने शेपटीतलं इंजिन सुरू केलं. तो आवाज कानात शिरला आणि माझं डोकंच फिरलं. दोघांना हाताशी धरून शेजारच्या गेटवरची केबल ओढत आणली, झटले, लावली. इंजिन बंद! काय सांगू, किती आनंद झाला! मग वॉकीटॉकीवर विद्युत विभागाशी मनसोक्त भांडले. भांडून वळले, तर विमान मागे ढकलून फिरवलेलं होतं. दिसत होती फक्त शेपटी. तरी मी दोन्ही हात वर करून हलवत राहिले.

संध्याकाळी तशीच विमानतळाजवळच्या द्वारका वस्तीत सरांकडे गेले. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहतात. बैठकीत नेहमीसारखा एकच दिवा.

"हलवलास ना हात?"

"हो सर. त्यानेही हलवला." मी धडधडीत खोटं बोलले.

सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आदित्यचा मेसेज होता, विमानात बसल्यावरचा. 'बाबा, खाली एक बाई अगदी तुमच्यासारखी केबलशी झटतेय. वर बघतच नाहीये.'

"सर, चुकलं माझं. खरंच चुकलं."

"इंजिन बंद झालं?"

"झालं."

"किती वेळात?"

"बारा मिनिटं."

"छान," सर म्हणाले. मग थांबून पुन्हा म्हणाले, "छान गं." आणि चहा टाकायला आत गेले.

मला बसवेना. पॅसेजमध्ये आले, तर आदित्यच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर पांघरूण तसंच पडलेलं, खोलीत कुणी नाही आणि दिवा, हीटर दोन्ही चालू. सरांच्या घरात! मला वाटलं, विसरले बिचारे. सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"राहू दे, मेधा," स्वयंपाकघरातून सर म्हणाले. "आत्ताच तर गेलाय."