लाल माठाने केलेले शोषण

करवंदवाडीच्या ग्रामपंचायतीत सोमवारी सकाळी एक परिपत्रक आले आणि ते कोणीतरी वाचले. पुढचा सगळा घोटाळा एवढ्यावरूनच झाला. एरवी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत परिपत्रके येतात, त्यांवर शिक्का बसतो आणि ती फायलीत सुखाने नांदतात. पण त्या दिवशी लाइट गेली होती, मोबाइलची रेंजही गेली होती आणि नवीनच रुजू झालेल्या ग्रामसेवक गोरखला करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

परिपत्रकात लिहिले होते, 'वनस्पतींकडून होणाऱ्या किरणोत्सर्गी घटकांच्या शोषणाबाबत आपल्या क्षेत्रातील वस्तुस्थितीचा अहवाल तात्काळ सादर करावा.' यातले 'तात्काळ' गोरखच्या ओळखीचे होते. 'किरणोत्सर्गी' त्याने नमस्कार करून सोडून दिले. 'शोषण' मात्र त्याला बरोब्बर कळले. तालुक्यात या नावाची एकच समिती होती, शोषण प्रतिबंधक समिती. तिच्याकडे तीन वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, कारण ज्यांच्याविरुद्ध ती करायची ते बहुतेक जण समितीवरच होते. गोरखने परिपत्रक तिकडे धाडले.

समितीला कोण आनंद झाला! उत्तर तिसऱ्याच दिवशी हजर. सोबत एक फॉर्म, किरणे मोजायचे एक हातात धरायचे यंत्र आणि यंत्राबरोबर कृषी सहाय्यक वृषाली. आजूबाजूच्या गावांनी 'निरंक' लिहून हात झटकले होते. करवंदवाडीत मात्र पाहणी व्हायची होती. पाहणीसाठी कुशाबाईचा वाफा निवडण्यात आला. तो कचेरीच्या भिंतीला लागून होता आणि गोरखच्या पायात नवे बूट होते.

कुशाबाई साठीची, काटक आणि तोंडाने फटकळ. तिचा जीव त्या वाफ्यात अडकला होता. लग्न होऊन ती ओझरकडून या डोंगरात आली, तेव्हा आईने लाल माठाचे बी लुगड्याच्या टोकाला बांधून दिले होते. चाळीस वर्षे तिने ते राखले. गेल्या पावसाळ्यात ठेवणीतल्या बियाला बुरशी लागली आणि कसेबसे मूठभर वाचले. तेच तिने यंदा पेरले. आता एकही पान न खुडता सगळा माठ बियाला सोडला होता. तुरे भरले होते. अजून पंधरा दिवस मिळाले की काम फत्ते. न मिळाले तर आईचा माठ कायमचा संपला.

वृषालीने यंत्र वाफ्याजवळ धरले. टिक. टिक. टिकटिक.

"काय म्हनतंय गं?" कुशाबाईने विचारले.

"काही नाही हो आजी. एवढी टिकटिक कुठेही होते. तुम्ही चुलीची राख घातलीत, तिच्यात पोटॅश असतं. थोडीशी टिकटिक पोटॅशचीच. केळ्यातही असते, माझ्यातही असते. खरी भीती असते ती सिझियमची. कुठे अणुभट्टीचा अपघात झाला की ते मातीत पडतं. ते दिसतं पोटॅशसारखं. मूळ फसतं आणि त्याला आत घेतं."

"म्हंजे पावणा समजून चोराला घरात घ्येतला म्हना की."

"अगदी तसंच. पण झाडाला पोटभर पोटॅश मिळालं, तर ते चोराला फारसं विचारत नाही. आणि तुमच्या वाफ्यात तो चोर नाहीच मुळी."

"मग लिव्हा तसं!"

लिहायचे कुठे? फॉर्मवर रकाने दोनच होते, 'शोषण आढळले : होय' आणि 'नाही'. 'साधेच आढळले' असा रकाना नव्हता. यंत्र टिकटिकले होते हे गोरखने कानांनी ऐकले होते. सरकारी फॉर्मवर खोटे लिहायला तो अजून शिकला नव्हता. त्याने 'होय' लिहिले. शोषण करणाऱ्याचे नाव, लाल माठ. तक्रारदार कचेरीशी नाते, शेजारी. झाले! अख्ख्या तालुक्यात शोषण सापडलेले करवंदवाडी हे एकमेव गाव ठरले.

पाहणीनंतर चौथ्या दिवशी नोटीस आली. माठाने सुनावणीस घोडेगाव येथे समक्ष हजर राहावे. दोषी आढळल्यास समूळ उच्चाटन करण्यात येईल. कुशाबाईची सगळी भिस्त सरकारी दिरंगाईवर होती. जातीच्या दाखल्यासाठी तिच्या पोराला आठ महिने फिरवणारे सरकार तिच्या माठाला पंधरा दिवस तरी नक्की देईल, असे तिला वाटत होते. पण मेली ही फाइल पळत सुटली होती.

तिने एक झाड मुळासकट बादलीत घेतले आणि एसटीची वाट पाहिली. एसटी आली नाही. मग जीपच्या टपावर बादली आणि आत कुशाबाई, अशी प्रतिवादीची वरात घोडेगावात पोचली.

समितीचे अध्यक्ष हौशीराम साहेब मोठे कडक गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला.

"प्रतिवादीचे नाव?"

"माठ," गोरख म्हणाला.

"कोणाला म्हणतोस?"

"झाडाला, साहेब."

साहेबांनी बादलीकडे रोखून पाहिले. "तुम्ही शोषण करता हे मान्य आहे का?"

झाडाने पंख्याच्या वाऱ्यावर मान हलवली. तशी नोंद करण्यात आली.

"अवो सायेब," कुशाबाई उसळली, "झाड हाय ते! मुळानं पानी वढतंय, खत वढतंय. न वढून करंल काय, नोकरी?"

"बाई, यंत्र खोटे बोलत नाही."

"आस्सं? मग त्ये जरा तुमच्या पोटाकडं धरू द्या की."

साहेबांनी हसून परवानगी दिली. वृषालीने यंत्र धरले. टिक. टिक. टिकटिक. तेवढ्यात गोरखने पेन उघडले.

"काय लिहितोस?"

"रकाना भरतोय, साहेब. 'होय'चा."

सुनावणी आटोपती घेण्यात आली. यंत्र यापुढे अधिकाऱ्यांच्या जवळ नेऊ नये, असा पहिला ठराव झाला. उपटण्याचा हुकूम देऊन टाकावा, तर ही बाई आता अपिलात जाणार आणि टिकटिकीचे रेकॉर्ड वर पोचणार. साहेबांनी घाम पुसत 'जैसे थे' आदेश दिला. 'फेरतपासणीपर्यंत, म्हणजे वीस दिवस, सदर माठाने कोणतेही शोषण करू नये. त्यास पाणी, खत व राख देण्यास सक्त मनाई आहे. पाने तोडू नयेत. वाफ्यात जनावरे सोडू नयेत.'

कुशाबाईने तोंडाला पदर लावला. साहेबांना वाटले, बाई रडतेय. त्यांनी पाणी मागवले. ती हसू दाबत होती. बियावर आलेल्या माठाचे पाणी तोडावेच लागते, ते तिने दोन दिवसांपूर्वीच तोडले होते. वाडीतल्या ढोरांपासून वाफा मात्र रोज राखावा लागे. आता सरकार राखणार होते. तिला इतके हलके वाटले की परत जाताना तिने जीपवाल्याला स्वतःहून चहा पाजला.

वीस दिवस वाफ्याशेजारी लाल रिबन आणि एक होमगार्ड. माठ वाळला, तुरे तडतडले. कुशाबाईने ते सुपात झाडून घेतले. होमगार्डाने आदेश दोनदा वाचला. त्यात पाने होती, बी नव्हते. मग तोही सुपाची एक कड धरून मदतीला बसला.

फेरतपासणीला साहेब जातीने आले आणि काटक्या निरखू लागले.

"आता शोषण?"

"साहेब, ते वाळलंय," वृषाली म्हणाली. "मेलंय ते."

"म्हणजे थांबले ना? मग असे मराठीत सांगा!"

तालुक्यातला पहिला 'शोषणमुक्त माठ' म्हणून कुशाबाईला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळाले. जिवंत झाडाला ते मिळण्याची सोय नियमात नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तिने नारळ फोडला, शाल पांघरली, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि नवे बी पेरले. महिन्याभरात तांबडालाल, कोवळा माठ घेऊन ती घोडेगावच्या बाजारात बसली. समोर प्रमाणपत्र.

बातमी पुण्यापर्यंत गेली होतीच. रविवारी ओझरचा गणपती करून तुम्ही वाट वाकडी केलीत आणि तिच्यापुढे गाडी थांबवलीत. "मावशी, शोषणमुक्त आहे ना नक्की?" असे काळजीने विचारलेत. ती म्हणाली, "व्हय पावणं, सरकारचा कागद हाय." तुम्ही कागदाचा फोटो काढलात, दोन जुड्या घेतल्यात. मग शेजारची मूठभर कोथिंबीर तशीच उचललीत. चार मिरच्या वरून टाकायला लावल्यात. आल्याचा एक तुकडाही पिशवीत सरकवलात आणि "एवढं तर चालतंच" म्हणून हसलात. तीही हसली. पावण्याला नाही कसे म्हणायचे?

तुमची गाडी वळली तशी ती शेजारच्या कांदेवालीला म्हणाली, "माठ बिचारा जागच्या जागी, जेवढं मुळापाशी हाय तेवढंच वढतो, बाई. ही मानसं वढायला पार पुण्यावरनं येत्यात."